उजनीच्या पाण्यातील आफ्रिकी मासे

पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवण हे इंदापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव असून इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या तेथील उपबाजारात भरणारा मासळीबाजार गोड्या पाण्यातील माशांसाठी दूरदूरपर्यंत ओळखला जातो. या बाजारात ज्या माशाची आवक वर्षभर सुरू असते आणि ज्याच्यावर भिगवण ते इंदापूर या पट्ट्यातील खाणावळींची मच्छी थाळी उभी आहे, तो चिलापी मूळचा भीमा नदीतला मासा नाही. त्याचे घर आफ्रिका खंडातील नद्या, खाड्या आणि सरोवरे हे आहे. त्याच धरणाच्या काठी खोदलेल्या तळ्यांवर मत्स्यव्यवसाय विभागाने वेळोवेळी कारवाई करून ज्या मांगुराचा नाश केला तोही आफ्रिकेचाच. एकाने या भागातील हजारो घरांना रोजगार दिला आणि दुसरा बेकायदा ठरला, आणि हे दोन्ही मासे सेनेगल, घाना, नायजेरिया या पश्चिम आफ्रिकी देशांत मात्र रोजच्या जेवणातले मानाचे मासे आहेत. मासा एकच असताना त्याचे मोल दोन काठांवर इतके वेगळे का ठरते, हे समजून घ्यायचे तर त्याच्या शरीराइतकाच त्याच्या भोवतीच्या पाण्याचा आणि माणसांचा विचार करावा लागतो.

उजनी धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले असून ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. धरण सोलापूर जिल्ह्यात असले तरी त्याचा पाणफुगवटा, म्हणजे भिंतीमागे मागे मागे पसरत गेलेले पाणी, इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत या तालुक्यांत शिरलेला आहे. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे, म्हणजे कालव्याच्या दारांच्या पातळीखाली राहणारे पाणी. इतका मोठा मृतसाठा असलेली धरणे महाराष्ट्रात विरळा, आणि मासेमारीच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ज्या वर्षी शेतीसाठी धरण ‘उणे’ झालेले असते त्या वर्षीही माशांना पाणी उरते. पळसदेव, कुंभारगाव, डिकसळ, कळाशी, गंगावळण अशा गावांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या. पाणी फार खाली गेले की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि मोकळ्या झालेल्या काठावर गाळपेर होते, म्हणजे गाळात पीक घेतले जाते. ज्यांची शेती बुडाली त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे होडी आणि जाळे हाती घेतले. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे भोई आणि कोळी तर होतेच, पण नदीचा डोह आणि मैलोगणती पसरलेला तलाव यांतली मासेमारी सारखी नसते. वाऱ्याची लाट, खोल पाण्यात सोडायची लांब जाळी, बुडालेल्या बाभळींत अडकून फाटणारा फास, हे सगळे त्यांनाही नव्याने शिकावे लागले.

याच प्रकारची गोष्ट घानामध्ये अधिक मोठ्या प्रमाणावर घडली आहे. तेथील व्होल्टा नदीवर १९६५ साली आकोसोंबो धरण पूर्ण झाले, त्यातून सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचा तलाव तयार झाला आणि सुमारे ८०,००० लोक विस्थापित झाले. वीज दूरच्या शहरांना आणि ॲल्युमिनियमच्या कारखान्याला गेली, काठच्या लोकांकडे पाणी आणि मासे राहिले. फरक इतकाच की व्होल्टाच्या लोकांना चिलापी नवा नव्हता. नाईल तिलापिया ही जात नाईलप्रमाणेच सेनेगल, गांबिया, व्होल्टा आणि नायजर या नद्यांत मुळातच राहणारी असल्याने नदीचा तलाव झाला तेव्हा तिला फक्त जागा वाढवून मिळाली.

‘चिलापी’ हे तिलापियाचे इकडचे बोलीतले रूप असून त्याखाली एकापेक्षा अधिक जाती मोडतात. भारतातील जलाशयांत प्रामुख्याने दोन आढळतात: आग्नेय आफ्रिकेतील मोझांबिक तिलापिया आणि वर उल्लेखिलेला नाईल तिलापिया, शिवाय या दोहोंचे संकरही होतात. मोझांबिक तिलापियाचा इतिहास चमत्कारिक आहे. हा मासा आफ्रिकेबाहेर प्रथम १९३९ साली जावा बेटावर सापडला आणि तो तेथे कसा पोहोचला याचा उलगडा कधीच नीट झाला नाही. तेथून तो आग्नेय आशियात पसरला आणि १९५२ साली बँकॉकमार्गे तमिळनाडूतील मंडपम् येथे आणला गेला. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईच्या काळात कमी खर्चात वाढणारा मासा म्हणून त्याच्याकडे आशेने पाहिले गेले खरे, पण तळ्यातळ्यांत त्याची बेसुमार वीण पाहून १९५९ मध्येच त्याच्या पुढील प्रसाराला मनाई करण्याचा निर्णय झाला. तोवर मासा पाण्यात सुटलेला होता, आणि एकदा नदीत गेलेला मासा कागदावरच्या निर्णयाने परत येत नाही. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. चिलापीला परका ठरवताना ज्या रोहू, कटला आणि मृगल यांना ‘आपले’ मासे म्हटले जाते, तेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आहेत. दख्खनच्या नद्यांत त्यांना माणसानेच बीज सोडून आणले. भीमेचे खरे जुने रहिवासी म्हणजे मरळ, वाम, शिंगाळा, महाशीर आणि त्यांच्यासारखे इतर. त्यांची बाजू मांडणारे कोणी बाजारात फारसे दिसत नाही.

चिलापी उजनीत इतका का फोफावला याचे उत्तर त्याच्या विणीच्या रीतीत आहे. नर उथळ पाण्यात शेपटीने आणि तोंडाने गाळ बाजूला सारून परातीएवढा गोल खळगा करतो आणि इतर नरांना हुसकावून तो राखतो. मादी त्या खळग्यात अंडी घालते, ती फलित होतात आणि मादी ती लगेच तोंडात घेते. अंडी फुटेपर्यंतचे चार-पाच दिवस आणि त्यानंतरही पिलांना पोहता येईपर्यंत ती त्यांना तोंडातच वागवते; पिले बाहेर पडली तरी धोका दिसताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात, आणि या सगळ्या काळात तिला जवळजवळ उपाशी राहावे लागते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी झपाट्याने मागे सरते तेव्हा हे खळगे उघड्या चिखलात एकमेकांना लागून रांगेने दिसतात. रोहू-कटला यांना विणीसाठी पावसाळी पुराची वाट पाहावी लागते आणि साठलेल्या तळ्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून त्यांचे मत्स्यबीज दरवर्षी बाहेरून आणून सोडावे लागते. चिलापीला यातले काहीच लागत नाही. पाणी उबदार असले की तो वर्षातून अनेकदा वितो आणि त्याची अंडी खाऊन टाकणाऱ्यांची डाळ आईच्या मिटलेल्या तोंडापुढे शिजत नाही.

दुसरे कारण पाण्याच्या प्रतीत आहे. मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि ते सारे शेवटी उजनीत येऊन थांबते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ माजते, उन्हाळ्यात पाण्याला हिरवी साय येते, रात्री त्यातला प्राणवायू घटतो आणि संवेदनशील मासे तग धरू शकत नाहीत. चिलापी हे शेवाळ, अगदी निळे-हिरवे शेवाळसुद्धा, खातो आणि तळाचा कुजका गाळही पचवतो; कमी प्राणवायूत तो पृष्ठभागाशी येऊन श्वास भागवतो. तेव्हा त्याने देशी माशांना हुसकावले, हा आरोप अर्धा खरा मानावा लागतो. शहराच्या मैल्याने जी जागा आधीच अर्धी रिकामी केली होती ती त्याने भरली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. जलाशयावर येणारे रोहित पक्षी चिखलातले सूक्ष्म जीव गाळून खातात, पण पाणकावळे, बगळे, मोरघार आणि भादलवाडीच्या तलावावर घरटी करणारे चित्रबलाक यांच्या आहारात मासे असतात, आणि जेथे चिलापी इतका मुबलक आहे तेथे त्या आहाराचा मोठा वाटा त्याचाच असणार. कुंभारगाव आणि डिकसळ येथे हे पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवणारे बहुतेकजण मुळात मच्छीमार आहेत. हिवाळ्यात सकाळी पर्यटक आणि रात्री जाळी असा त्यांचा दिनक्रम असतो.

भिगवणच्या बाजारात माशांची प्रतवारी आकारावर होते. जाती वेगळ्या करून, मोठा, मध्यम आणि बारका माल निराळा लावून लिलाव पुकारला जातो, आणि मग थर्माकोलच्या खोक्यांत बर्फाच्या थरांत बसून तो पुण्याकडे, सोलापूरकडे आणि त्याहीपलीकडे निघतो. चिलापीचा भाव मरळ किंवा वाम यांच्या तुलनेत कमी, परंतु खप जास्त. यामागे स्वयंपाकघरातले एक साधे कारण आहे. रोहू, कटला, मृगल यांच्या मांसात, मणक्याला न जोडलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे असलेले बारीक काटे असतात, जे खाणाऱ्याच्या घशात अडकतात. चिलापीत ते नसतात. पाठीवरच्या परातले टोकदार काटे कात्रीने छाटले, खवले काढले आणि पोटातला काळा पडदा खरवडून टाकला की मधल्या मणक्यापासून मांस सरळ सुटते, म्हणून लहान मुलालाही तो निर्धास्त वाढता येतो. तो काळा पडदा आणि गाळाचा वास ही मात्र त्याची दुखरी बाजू आहे. गाळाचा हा वास पाण्यातील शेवाळ आणि जिवाणू तयार करतात त्या द्रव्यांमुळे येतो. तो घालवण्यासाठी तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू किंवा चिंचेचा कोळ चोळून ठेवण्याची घरोघरची रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते, कारण आंबटपणाने त्या द्रव्यांचा प्रभाव कमी होतो. त्यानंतर आले-लसणाचे वाटण, तिखट, रव्यात घोळून तव्यावर तळणे आणि सोबत बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, ही भिगवणची थाळी झाली.

घानात हाच मासा कोळशावर अखंड भाजून आंबवलेल्या मक्याच्या आणि कसाव्याच्या पिठाच्या बांकू नावाच्या गोळ्यासोबत आणि मिरचीच्या ओल्या वाटणासोबत खातात. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बर्फाची सोय पूर्वीपासून अपुरी असल्याने मासा टिकवण्याचा मुख्य मार्ग धूर हाच राहिला. अक्राजवळच्या चोरकोर या मच्छीमार वस्तीच्या नावाने प्रसिद्ध झालेली भट्टी १९७० च्या सुमारास तेथील स्त्रियांच्या सहभागातून घडवली गेली. मातीच्या आयताकृती भिंतींवर जाळीचे ट्रे एकावर एक रचून कमी सरपणात अधिक मासे धुरावण्याची तिची रचना पुढे अनेक देशांनी उचलली. मासे पकडणे पुरुषांचे आणि ते विकत घेणे, धुरावणे, बाजारात नेणे व प्रसंगी होडीला भांडवल पुरवणे हे स्त्रियांचे, अशी तेथील विभागणी आहे. त्याच किनाऱ्यावरच्या समुद्रात माकुल विपुल सापडतो, म्हणजे आठ भुजा आणि दोन लांब शुंडा असलेला, पाठीत हलके सच्छिद्र कवच वागवणारा आणि भ्याला की शाई सोडणारा मृदुकाय प्राणी. परंतु सेनेगल आणि मॉरिटानियाचा माकुल आणि अष्टपाद मुख्यतः गोठवून युरोप आणि जपानकडे जातो. माकुलाचे ते कवच देशावरच्या काष्ठौषधींच्या दुकानांत समुद्रफेन या नावाने मिळते. महाग मासळी परदेशी ताटात आणि स्वस्त मासळी घरच्या ताटात, हा न्याय कोकण किनाऱ्यालाही चांगलाच परिचित आहे.

चिलापीची वीण अमाप असली तरी त्याचा आकार अमाप राहत नाही. दाटी झाली की हा मासा लहान वयातच, कधी दोन-तीन महिन्यांतच, प्रजननक्षम होतो. वाढीकडे जाणारी ताकद विणीकडे वळते आणि तळे बोटभर लांबीच्या प्रौढ माशांनी भरून जाते. त्यात बारीक आसाची जाळी भर घालतात. उजनीत वडाप म्हणून ओळखली जाणारी ओढजाळी काठापर्यंत खेचून आणली की त्यात चिलापीबरोबर रोहू-कटल्याची बोटुकलीही सापडतात, आणि ज्या जलाशयात बीज सोडण्यासाठी पैसा खर्च होतो त्याच जलाशयातून ते बीज वाढण्याआधी उपसले जाते. या जाळ्यांविरुद्ध मच्छीमारांनी निवेदने दिली आहेत, कारवाया झाल्या आहेत, आणि तरीही ती पाण्यात उतरतात. ज्याच्याकडे मोठी होडी आणि लांब जाळी घेण्याइतके भांडवल नाही त्याला काठावरचा बारका मासाच परवडतो, ही त्यामागची न बोलली जाणारी अडचण आहे. बेनिन देशातील नोकुए सरोवरावरची रीत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तेथील लोक उथळ पाण्यात झाडांच्या फांद्या दाट रोवून त्याचे राखीव कुरण करतात, ज्याला ‘आकाजा’ म्हणतात. फांद्यांवर शेवाळ चढते, ते खायला काळ्या हनुवटीचा तिलापिया येतो, त्याच आडोशाला वितो (या जातीत अंडी तोंडात वागवण्याचे काम नर करतो) आणि काही महिन्यांनी भोवती जाळे लावून फांद्या उपटून मासे काढले जातात. उत्पादन उत्तम येते. पण फांद्यांसाठी काठची झाडी तुटते, सरोवर गाळाने भरते आणि ज्याच्याकडे आकाजा आहे तो व ज्याच्याकडे नाही तो यांच्यात भांडणे होतात. उघड्या पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

दुसऱ्या आफ्रिकी माशाची, म्हणजे मांगुराची, कथा अधिक कडू आहे. क्लॅरिअस गॅरिपिनस हे शास्त्रीय नाव असलेला हा मिशाळ मासा देशी मांगुराचा आफ्रिकी भाऊबंद असून तो १९९० च्या दशकाच्या सुमारास बांगलादेशमार्गे चोरून भारतात आला आणि ‘थाई मांगूर’ या चुकीच्या नावाने रूढ झाला. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली, रक्तवाहिन्यांनी भरलेली एक रचना असते, जिच्या मदतीने तो थेट हवेतून श्वास घेतो. अंग ओले राहिले तर तो पाण्याबाहेरही तासन्‌तास जगतो आणि ओल्या रात्री एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सरपटत जातो. प्राणवायू संपलेल्या, काळ्या पडलेल्या पाण्यातही तो वाढतो, आणि इथेच घोडे पेंड खाते. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांत जलाशयाच्या काठी तळी खोदून, त्यांत हा मासा दाटीने सोडून, कोंबड्यांचे व कत्तलखान्याचे टाकाऊ अवशेष खाऊ घालून तो झटपट वाढवला जाऊ लागला. तळ्यांतले सडके पाणी जमिनीत आणि जलाशयात जाई, दुर्गंधीने आसपासच्या वस्त्या हैराण होत, आणि पुरात तळे फुटले तर हा आक्रमक, मांसाहारी मासा भीमेत जाण्याचा धोका कायमचा. केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली होतीच; राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने इंदापूर परिसरातील तळी यंत्रांनी उद्ध्वस्त करून साठा पुरला.

नायजेरियात हाच मासा मत्स्यशेतीचा कणा आहे. घरामागच्या सिमेंटच्या किंवा ताडपत्रीच्या टाक्यांत तो गोळी खाद्यावर वाढवला जातो, हवेतून श्वास घेत असल्याने टबात जिवंत बाजारात नेता येतो, आणि संध्याकाळच्या खाद्यगृहांत गिऱ्हाईकाने टाकीतल्या माशाकडे बोट दाखवले की तो तिथेच मारून, झणझणीत मिरीच्या रश्श्यात शिजवून पुढ्यात येतो. त्या नद्यांत तो मुळापासूनचा शिकारी आहे आणि त्याच्या भोवतीचे मासे त्याच्याबरोबरच उत्क्रांत झालेले आहेत. भीमेतल्या माशांना ही सवय नाही. तेव्हा बंदी योग्यच म्हटली पाहिजे. मात्र तिने मासा घाणीत वाढवणाऱ्या माणसाचा दोष माशाच्या माथी मारला आणि त्या ओघात देशी मांगूरही गिऱ्हाइकाच्या मनातून उतरला, हेही खरे.

चिलापीचे सरकारी भवितव्य याच्या उलट दिशेने गेले. १९८८ साली फिलिपिन्समध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने (तिलाच आज वर्ल्डफिश म्हणतात) नाईल तिलापियाचे निवड पद्धतीने संवर्धन सुरू केले. त्यासाठी इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल या देशांतून रानटी मासे गोळा केले आणि आशियात पाळल्या जाणाऱ्या वाणांशी त्यांचा संकर करून पिढीगणिक अधिक वेगाने वाढणारे मासे निवडले. ‘गिफ्ट’ नावाने प्रसिद्ध झालेला हा वाण भारतात सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने विजयवाडा येथे रुजवला. त्याच्या पालनाला परवानगी आहे, पण अटींसह: मासे एकलिंगी, म्हणजे सर्व नर असावेत, जेणेकरून ते विणार नाहीत आणि मादीप्रमाणे तोंडात अंडी धरून उपाशी न राहता भराभर वाढतील, आणि तळ्याच्या निचऱ्याला जाळी लावून मासा बाहेर जाऊ देऊ नये.

बारामती तालुक्यात या माशाला वाव दिसतो तो शेततळ्यांमुळे. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात ऊस आहे आणि अतिपाण्याने चोपण झालेल्या जमिनीही आहेत. मोरगाव, सुपे भागातल्या जिरायती पट्ट्यात शेततळी आहेत, ज्यांचे पाणी उन्हाळ्यात आटते किंवा फळबागेला जाते. सहा महिन्यांत विक्रीयोग्य होणारा आणि थोडा खारेपणा सोसणारा मासा या दोन्ही ठिकाणी बसतो. माळेगाव खुर्द येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून दुष्काळ, उष्णता आणि क्षार यांचा पिकांवरील ताण तर अभ्यासतेच, पण माशांवरील ताणही तिच्या अभ्यासाचा भाग आहे. घानाने मात्र हाच ‘गिफ्ट’ आपल्या पाण्यात आणण्यास मनाई केली, जरी त्याच्या पूर्वजांपैकी काही घानातूनच नेलेले होते. व्होल्टा तलावातला मूळ रानटी तिलापिया सुधारित वाणाशी मिसळून नष्ट होईल, ही त्यामागची भीती होती, आणि तेथील शास्त्रज्ञांनी त्याऐवजी स्थानिक माशांतून निवडलेला आकोसोंबो वाण पिंजऱ्यांत वाढवण्याचा मार्ग धरला. भीमेच्या मरळ, वाम आणि शिंगाळ्यासाठी तसा निवडीचा आणि जतनाचा प्रयत्न करायचा झाल्यास त्यांचे रानटी मासे आधी नदीच्या वरच्या, अजून स्वच्छ राहिलेल्या भागांतून गोळा करावे लागतील.